दुसऱ्या गिअरवरचा हात

पहूर ते जळगाव जीप चालवायची तर ड्रायव्हरने अर्ध्या सीटवर बसायचं, हे ठरलेलंच होतं. उरलेला अर्धा ड्रायव्हर दाराबाहेर. डावीकडे तिघे, बाजाराच्या दिवशी चौघे, आणि गिअरचा दांडा कोणाच्या तरी गुडघ्यांमध्ये. नव्वद सालाच्या आसपास त्या रस्त्यावरच्या निम्म्या जीपांना एकच आजार होता. दुसरा गिअर टाकला की तो टिकायचा नाही. ऐन चढावर दांडा खट्कन सुटायचा आणि गाडी नुसतीच ओरडायची. बाकीच्या ड्रायव्हरांचा यावर इलाज ठरलेला होता. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून सीटच्या नळीला बांधायची आणि दुसरा टाकला की तिचं दुसरं टोक दांड्यात अडकवायचं. रबर दांडा ओढून धरतं, ड्रायव्हर निवांत.

मीही अशी पट्टी कापून आणली होती. ती सीटखाली पान्यांच्या डब्यात पडून होती आणि मी ती कधीच बांधली नाही. माझा दुसरा गिअर माझे वडील धरायचे.

आबा म्हणजे उभा जन्म ट्रकवर काढलेला माणूस. सरकीच्या गोण्या घेऊन कुठे कुठे जाऊन आलेले. मग त्यांची नजर गेली. आंधळे नव्हते, पण समोरचा माणूस त्यांना आवाजावरूनच कळायचा. डॉक्टरांनी इलाज नाही म्हणून सांगितलं आणि आबा दारातल्या वट्यावर बसले. बसले म्हणजे कसे, तर आईच्या भाजीत मीठ कमी, शेजाऱ्याचा रेडिओ मोठा, माझा हॉर्न चुकीचा. मला तर त्यांनी सळो की पळो करून सोडलं होतं. एकदा असेच जळगावला दवाखान्यात नेताना पुलापुढच्या चढावर गिअर सुटला आणि मी सहज म्हणालो, आबा, जरा धरा. त्यांनी धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून, तंबाखूची चंची घेऊन ते माझ्याआधी जीपमध्ये बसलेले होते. चंची सीटखालच्या डब्यात ठेवायची आणि दांड्यावर हात ठेवायचा, हा रोजचा क्रम झाला. क्लचच्या आवाजावरून त्यांना कळायचं, आता दुसरा येतोय. मला सांगावं लागत नव्हतं. प्रवासी थट्टा करायचे, की या गाडीला दोन ड्रायव्हर आहेत, तिकीट एकाचंच घ्या. आबा खूश. घरी मीठही बरोबर पडायला लागलं.

पण लोखंडाला कोणाची दया येते? एका बाजाराच्या दिवशी गाडी ठासून भरलेली, त्याच चढावर गिअर आबांच्या हातातून हिसका देऊन सुटला. गाडी मागे घसरली. मागे एसटी होती. मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणून वाचलो. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण आबा जळगाव येईपर्यंत आपलं मनगट चोळत बसले. त्यांची चूक नव्हती, हे मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं.

जळगावच्या मिस्त्रींना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. त्यांनी गिअरबॉक्स उघडून दाखवला. म्हणाले, दुसऱ्या गिअरचं चाक बदलून देतो, वर्षभर चालेल. मी विचारलं, वर्षानंतर? त्यांनी खांदे उडवले. शाफ्टही झिजला होता. झिजलेल्या शाफ्टवर नवं चाक म्हणजे आजचं दुखणं उद्यावर. माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे करणारा. धुळ्याला भंगारबाजारात अख्खा गिअरबॉक्स मिळतो, तोच आणायचा, हे मी तिथेच ठरवलं.

आबांना दुरुस्ती हवी होती. म्हणाले, "आपल्या गेरची खोड आपल्याले माहीत हाये. दुसऱ्याची खोड घरात कायले आनायची?"

ते गिअरबद्दलच बोलत होते असं मला तेव्हा वाटलं असतं, पण रात्री जेवताना आईने मला वेगळं गाठलं. "नवं टाकशीन त आधी ह्यायले दुसरं काम पाह्यजो. नाहीत मानूस पुन्हा वट्यावर बसीन."

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणून तर रबर डब्यात पडून होतं. पण त्या चढावर मागे एसटी होती, आणि आबांसाठी भरलेली गाडी धोक्यात घालणारा ड्रायव्हर मी नव्हतो. तसं शिक्षण मला आबांनीच दिलं होतं. म्हणून मी त्यांनाच धुळ्याला घेऊन गेलो. म्हटलं, निवड तुम्ही करायची.

भंगारवाल्याने एकेक गिअरबॉक्स पुढे ओढला. सगळे दात शाबूत असल्याची ग्वाही देत म्हणाला, "भाऊ, बठ्ठा दात साबूत शेतस. हात लाई देखा." आबांनी खरंच हात घातला. काळ्या तेलात कोपरापर्यंत बाही भिजली. एक नको म्हणाले, दुसरा नको म्हणाले. तिसऱ्याचा शाफ्ट बराच वेळ फिरवत राहिले. मला आशा वाटत होती की तोही नको म्हणतील. आबा म्हणाले, हा घे.

चाचांनी तो बसवला. दुसऱ्या दिवशी आबा टोपी घालून हजर. चढ आला, मी दुसरा टाकला, आबांचा हात सवयीने दांड्यावर आला. दांडा जागचा हलला नाही. चढ संपला, तरी हात तिथेच. मग त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला.

जळगावला गाडी रिकामी झाल्यावर मी आधीच तयार करून ठेवलेली गोष्ट काढली. उद्यापासून प्रवाशांसाठी पुकारा तुम्ही करा, म्हटलं, तुमचा आवाज स्टँडच्या टोकापर्यंत जातो. आबा चंची काढायला सीटखाली वाकले होते. वर येताना त्यांच्या हातात ती ट्यूबची पट्टी होती.

"हे आता फेकून दे," ते म्हणाले. "पह्यल्या दिसापासून हाताले लागते मले."

मी पट्टी घेतली.

"आन मले आता काम देऊ नको," आबा तंबाखू मळत म्हणाले. "मी नुसता बसतो तुह्याजवळ."