शंभरातून सात

लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि त्याच्या आजाराबरोबर माझाही आजार उघड झाला. एचआयव्ही. मी झाशीला माहेरी परत आले आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागले. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. दादा आणि वहिनी, दोघांनाच सगळं ठाऊक होतं. शाळेत कुणाला नाही.

औषधं नेमानं चालू होती, रक्तात विषाणू सापडत नव्हता. कित्येकदा आपण आजारी आहोत हेच मी विसरायची. मग दुसऱ्याच गोष्टी विसरू लागले.

पहिल्यांदा ध्यानात आलं ते वर्गात. फळ्यावर समीकरण सोडवत होते आणि मध्येच खडू थांबला. पुढची पायरी डोक्यातच येईना. मागून एक मुलगी म्हणाली, "मैडम, आगे?" मी हसून म्हटलं, "तुम बताओ," आणि वेळ मारून नेली.

नंतर एकदा वहिनीबरोबर मानिक चौकात गेले. ती बांगड्या पाहत होती म्हणून मी दोन दुकानं पुढे सरकले, आणि वळून पाहते तो कुठल्या गल्लीतून आलो तेच कळेना. लहानपणापासून पायाखालचा रस्ता! मी तिथंच एका ओट्यावर बसले. वहिनी शोधत आली.

"वन्सं, काय झालं हो? चेहरा का असा?"

"वहिनी, मला वेड लागतंय," मी म्हटलं आणि भर बाजारात रडू फुटलं.

वहिनी वयानं माझ्याहून फार मोठी नाही, पण तिनं आईसारखं पदरानं तोंड पुसलं. "वेडबिड काही नाही. उद्या डॉक्टरांकडे जायचं. शाळेत कळवा, येणार नाही म्हणून."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मला वर्षानुवर्षं पाहत होत्या. त्यांनी आधी पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितले. मग बोटं एकमेकांवर भराभर आपटायला लावली, मग म्हणाल्या, "सौ में से सात घटाते जाइए." मी, गणिताची बाई, बहात्तरावर अडले. पुढे त्यांनी ते पाच शब्द विचारले, तर मी दोन मराठीतून सांगितले. त्यांना कळेना. वहिनीनं भाषांतर केलं तेव्हा त्या हसल्या. "ये तो सही हैं. भाषा बदल गई, बस."

मग त्यांनी नीट समजावलं. औषधानं रक्तातला विषाणू दबतो, पण शरीराचं रक्षण करणाऱ्या काही पेशी मेंदूत जाऊन बसतात आणि दाह वाढवणारी प्रथिनं सोडत राहतात. त्यानं विचार मंदावतात, शब्द सापडत नाहीत. पण दुसरंही एक कारण असू शकतं: माझ्या औषधांतली रात्रीची गोळी. तिनं काहींना भलती स्वप्नं पडतात, डोकं जड राहतं. कोणतं कारण, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

"स्वप्नं पडतात का?" त्यांनी विचारलं. मला रोज पडत होती. मी ती कधी कुणाला सांगितली नव्हती. विधवेला स्वप्नं पडतात यात सांगण्यासारखं काय, असं वाटायचं.

पाठीच्या कण्यातलं पाणी काढताना मी वहिनीचा हात इतका दाबला, की तिच्या बांगड्यांचे वळ माझ्या तळहातावर उठले. नमुना बाहेरगावी गेला. मधले दिवस फार वाईट गेले. मी राजीनाम्याचा विचार करत होते, तर दादा म्हणाला, "आधी निकाल येऊ दे. मग बघू."

निकाल आला. मेंदूकडच्या पाण्यात विषाणू नव्हता. ती प्रथिनं थोडी वाढलेली होती, पण घाबरावं इतकी नाही. डॉक्टरीणबाईंनी रात्रीची गोळी बंद करून दुसरी दिली. "थोडा फरक कायम राहू शकतो," त्या म्हणाल्या. "लेकिन आप पागल नहीं हो रहीं." ते ऐकून मी खुर्चीत मागे टेकले. किती दिवसांत अशी टेकले नव्हते!

आधी स्वप्नं थांबली. मग सकाळी डोळे उघडताच डोकं हलकं वाटू लागलं. वर्गात उदाहरण सोडवताना पुढच्या पायऱ्या न बोलावता येऊ लागल्या. पुढच्या तपासणीला बोटंही पटापट हलली. घरी येताना रिक्षा छावणीच्या शांत रस्त्यानं निघाली. दोन्हीकडे कडुलिंब, माणूस कमी. वहिनी एकाएकी रडू लागली. इतके दिवस ती माझ्यासमोर रडलीच नव्हती.

"अहो, आता कशाला?" मी म्हटलं.

"आता चालतं," ती म्हणाली आणि नाक पुसलं.

अजूनही एखादा शब्द ओठांवर येऊन परत जातो. मग वहिनी घाईघाईनं मदत करते आणि बहुतेक वेळा भलताच शब्द सुचवते. आम्ही दोघी हसतो आणि बोलणं पुढे चालू राहतं.