मायच्या जबड्याची लचक

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्यांना पाट्या आधी मिळाल्या आणि खुर्च्या मागाहून. आमच्या सरकारी दवाखान्यातली रेकॉर्डची खोली म्हणजे औषधांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये दाटीवाटीनं बसवलेली दोन टेबलं. एका टेबलावर नुकतीच नोकरीला लागलेली मी आणि दुसऱ्यावर निवृत्तीला टेकलेले मोठे बाबू. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालेलं. बोलायचे मराठी, पण चिडले की दखनीवर घसरायचे.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेल्या प्रत्येक आजाराला एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून नंबर शोधून द्यायचा, हे आमचं काम. दुखापत असली की नंबर दोन. पहिला काय झालं त्याचा आणि दुसरा कशानं झालं त्याचा. डॉक्टर पहिलं कसंबसं खरडत, दुसऱ्याच्या नावानं मात्र बोंब. मग केसपेपर घेऊन ओपीडीच्या बाकांवर पेशंटला शोधत जायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं. पुस्तकापेक्षा माणसं बरी.

पण त्या दिवसांत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माझं गाव मुखेडकडचं. साल दुष्काळाचं, विहिरींनी तळ गाठलेला, आणि माय आणि दादा दोघंही रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे. वडील मी शाळेत असतानाच गेलेले. एकट्या पोरीनं परजिल्ह्यात राहून नोकरी करावी, हे दादाला पसंत नव्हतं. तो वाईट नव्हता, घाबरट होता. मला शिकवलं मायनं, अर्ज भरायला लावला मायनं. आणि मी रुजू झाल्यापासून तीच माय माझ्याशी बोलेनाशी झाली.

माझी माय न बोलता राहते, हे गावात कुणाला सांगून पटलं नसतं. पाण्याला गेली तर घागरीच्या आधी तिचा आवाज घरी पोचायचा. चूल पेटली नाही तर ती चुलीशीसुद्धा भांडायची. आणि आता मी शनिवारच्या मोटारीनं घरी गेले की नुसतं हूं आणि हूं. जेवायला बसलो की ती आपली ताटली घेऊन भिंतीकडे तोंड करायची. मी पगारातून आणलेलं लुगडं तिनं हातात घेतलं, कुरवाळलं, पण तोंडातून शब्द नाही. मला रडूच आलं. दादा म्हणाला, मायच्या मनात तुझं लातूर नाही, ती बोलून दाखवत नाही इतकंच. तिच्या गप्प राहण्याचा त्यानं आपल्या बाजूनं हिशेब लावून टाकला होता.

मलाही ते खरं वाटलं, आणि रागही आला. जिनं पाठवलं तिनंच तोंड फिरवावं? लातूरला परत आल्यावर मी मोठ्या बाबूंना सांगितलं की महिनाअखेरीला राजीनामा देते. ते म्हणाले, असल्या सालात पक्की नोकरी सोडतेस, आईला विचारलंस का? मी म्हटलं, विचारलं, ती बोलतच नाही. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि आपल्या कामाला लागले.

त्याच आठवड्यात एका बाईचा केसपेपर आला. डॉक्टरांनी लिहिलं होतं, जबडा लचकला. मला हसू फुटलं. पाय लचकतो, कंबर लचकते, जबडा कुठं लचकतो? मोठ्या बाबूंनी पुस्तक उघडून बोट ठेवलं. घोटा, मनगट, गुडघा यांच्या पंगतीत जबडाही बसलेला होता. आठशे अठ्ठेचाळीस टिंब एक. कारणाची जागा नेहमीप्रमाणे कोरी, म्हणून मी बाहेर गेले.

बाई बाकावर बसली होती, गालाला पदर लावून. मी काही विचारायच्या आत शेजारची सासू म्हणाली, कशाचं काय, रुसून बसलीय, धड बोलत नाही की जेवत नाही. बाईनं दात न उघडता सांगितलं की कामावर पाय घसरला आणि टोपल्याची कड हनुवटीवर बसली. दुसऱ्या नंबरापुरतं कारण मला मिळालं होतं. तरी मी विचारलं, जेवता कशा? ती म्हणाली, भाकर पाण्यात कुस्करून, एका अंगानं, भिंतीकडे तोंड करून. तोंड वाकडं होतं, लोकांसमोर लाज वाटते.

मी केसपेपर तसाच हातात धरून उभी राहिले. मग मोठ्या बाबूंना सांगून मिळेल ती मोटार पकडली.

घरी गेल्या गेल्या मायला म्हटलं, आ कर. ती मान हलवत राहिली. शेवटी उघडलं तर जेमतेम एक बोट जाईल एवढंच, आणि डोळ्यांतून पाणी. दुसऱ्या दिवशी तिला लातूरला आणलं, दादाही सोबत आला. डॉक्टरांनी कानापुढे बोटं ठेवून जबडा हळूच हलवून पाहिला आणि सांगितलं की लचकलाय, आणि वेळेत दाखवलं नाही म्हणून दुखणं लांबलंय. शेक द्या, मऊ खा, बोलणं कमी. दादा खाली बघत होता.

केसपेपरवर कारण या वेळीही नव्हतंच. मी मायजवळ बसले आणि इतर पेशंटना विचारायचे तसं विचारलं, कशानं झालं? कामावर लागलं असेल, असं दादाच मधे म्हणाला. मायनं त्याला हातानं थांबवलं.

"तुझी वळकटी बांधून राहिले व्हते," ती दातांतून म्हणाली. "दोरी आवळंना. मंग दातानं वढली. कट् झालं."

"माय, मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं आसतं तर तू मोटारीत बसली नसतीस."

मी तिथंच, सगळ्या बाकांसमोर रडले. माय माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दादानं मायच्या गोळ्यांची पुडी खिशात घातली आणि तो म्हणाला, "मायला मी नेतो. तू जा, तुझी ड्युटी हाय."