कुणाकडे धावली

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दुबईत, करामाला राहत होतो. मुलगी दीड महिन्याची झाली आणि माझी रजा संपली. दिवसभर तिला एक श्रीलंकन बाई सांभाळायची. आम्ही तिला अक्का म्हणायचो.

लेक चौदा महिन्यांची असताना माझ्या सहकाऱ्याची बायको घरी आली. ती मानसशास्त्र शिकत होती आणि लहान मुलांना कुणाचा लळा असतो, याचा एक छोटा प्रयोग तिला करायचा होता. लेकीने तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला तेच हवं होतं.

"तुम्ही मुलीशी खेळा. मग मी येऊन बसेन. तुम्ही तीन मिनिटं बाहेर जायचं आणि परत यायचं."

"रडली तर?"

"रडू दे. तुम्ही परत आल्यावर ती काय करते, ते मला बघायचंय."

मी परत आले. लेकीने एकदा वर पाहिलं, ठोकळ्यावर ठोकळा ठेवला आणि माझ्याकडे पाठ केली. मी हाक मारली, तरी वळली नाही.

पुढच्या शुक्रवारी तेच अक्काबरोबर केलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. अक्का बाहेर गेल्याबरोबर लेकीने टाहो फोडला. अक्का परत येताच धावत जाऊन तिच्या गुडघ्यांना मिठी मारली, अक्काने उचलल्यावर खांद्यावर डोकं ठेवलं आणि मिनिटभरात शांत होऊन पुन्हा खेळायला लागली. पाहुणी भराभर लिहीत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी मी अक्काला सांगितलं, "मैं घर पे हूँ तो बेबी को हाथ नहीं लगाना. सिर्फ किचन."

आठवडाभर लेक माझ्या कडेवरून किचनकडे झेपावत राहिली. अक्का ऐकू न आल्यासारखं करायची. खरं सांगते, मला त्यात समाधान वाटायचं.

पाहुणी पुन्हा आली तेव्हा अक्काला लेकीपासून लांब ठेवल्याचं सांगून मी विचारलंच, "तिला माझा लळा नाही ना?"

"एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. वरून शांत दिसणारं मूल आतून शांत असतंच असं नाही. आणि मुलाला एकापेक्षा जास्त माणसांचा लळा लागतो. अक्कापासून तोडलंत म्हणून ती तुमच्याकडे येणार नाही."

दुसऱ्या दिवशी इस्त्री करताना अक्का आपणहून बोलली, "मॅडम, मैं दो साल बाद घर गई. मेरा बेटा नानी के पीछे छुप गया. मेरेको आंटी बोला."

"नानी पे गुस्सा आया?"

"बहुत. फिर सोचा, नानी नहीं होती तो किसके पीछे छुपता?"

संध्याकाळी मी लेकीला अक्काच्या हातात दिलं आणि शेजारी बसून राहिले.

अक्का आणखी चार वर्षं आमच्याकडे होती. ती कायमची गावी गेली त्या दिवशी लेक शाळेतून आली, अक्काची रिकामी खोली बघितली आणि थेट माझ्या कुशीत शिरली. "आय वॉन्ट अक्का," म्हणत हमसून हमसून रडली. मी तिला थोपटत होते, आणि तेव्हाही मला अक्काचा हेवा वाटत होता.