पाय लागलेलं पुस्तक

अमेरिकेतल्या काळ्या माणसांची आत्मचरित्रं, तीही पहिल्याच आवृत्तीची आणि लेखकाच्या सहीची, एवढंच शिवदास घाडी जमवतो. सही नसेल तर हात लावत नाही. दुसरी आवृत्ती फुकट दिली तरी घेत नाही. बहरीनमधल्या सलमाबादच्या खोलीत चार खाटा, चार माणसं आणि शिवदासच्या उशाशी सदतीस पुस्तकं. बायको मालू देवगडहून फोनवर म्हणते, "लोका सोना आणतत, तुमी रद्दी आणतास."

सुरुवात पायापासून झाली. शिवदास घरसामान बांधून देणाऱ्या कंपनीत पॅकर. अकरा वर्षांपूर्वी एक अमेरिकन कुटुंब परत निघालं होतं. टाकून द्यायच्या ढिगातल्या एका पुस्तकाला त्याचा पाय लागला. कोकणातला माणूस तो, वाकला, पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला. उचललंच आहे तर उघडलं. आत शाईची सही. घरातल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, हवं तर ने.

आगगाडीत भांडी घासता घासता स्वयंपाकी झालेल्या एका काळ्या म्हाताऱ्याची ती जन्मकथा. शब्दकोश घेऊन शिवदासनं ती दोन वर्षांत वाचली. म्हातारा तरुणपणी चौघांच्या खोलीत राहायचा आणि घरी लिहायचा, मी मजेत आहे, जेवण उत्तम आहे. "च्यायला, हा तर आपलाच माणूस!" शिवदास ओरडला. तेव्हापासून नाद लागला तो लागला. सही कशाला हवी म्हणाल, तर सही असली की माणूस स्वतः दाराशी येऊन गेल्यासारखं वाटतं, असं त्याचं म्हणणं.

गेल्या दसऱ्यानंतर कंपनीतून निरोप आला. त्याच अमेरिकन घरातली मुलगी आता नोकरीसाठी बहरीनला आलीय, शुक्रवारी ते पहिलं पुस्तक परत मागायला येतेय. स्वयंपाकी तिचा पणजोबा. घरात दोन प्रती होत्या, आईनं बिनसहीची समजून सहीची देऊन टाकली. बिचारी मरेपर्यंत हळहळत होती.

शेजारच्या खाटेवरचा अर्शद ड्रायव्हर म्हणाला, "बोल दे, किताब मफी, है ही नहीं. खलास." शिवदासला ते क्षणभर पटलंसुद्धा. मग त्यानं मालूला फोन लावला.

"देवन टाका," मालू म्हणाली. "लोकांच्या आज्याची वस्तू ती." आणि थोड्या वेळानं, "पण कुंकवाचा काय सांगतलास?"

घोडं तिथंच पेंड खात होतं. दर दसऱ्याला शिवदास पुस्तकांची पूजा करायचा. देव सहीत आहे म्हणून हळदकुंकू थेट सहीवर. अकरा दसरे. अर्धी सही लाल झाली होती.

शुक्रवारी ती मुलगी, म्हणजे आता मॅडम, आली, पहिलं पान उघडलं आणि विचारलं, "हे केचप आहे का?"

शिवदासला भयंकर राग आला. त्याहून जास्त लाज वाटली. मोडक्या इंग्रजीत त्यानं सांगितलं, पूजा आहे, मॅडम. आमच्याकडे पुस्तक जमिनीवर ठेवत नाहीत, पाय लागू देत नाहीत. सही खराब झाली, ती चूक माझी. मॅडमनं लाल सहीवरून हलकेच बोट फिरवलं.

शिवदासनं पुस्तक तिच्याकडून घेतलं आणि बांधायला बसला. एरवी लोकांची काचेची भांडी बांधतो तसं, तीन पदरी. खोक्यावर चारी बाजूंनी 'नाजूक' असं इंग्रजीत लिहिलं. एका बाजूचं वेडंवाकडं आलं.

खाली गाडीशी मॅडमनं आपली पर्स पायाशी टाकली. खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं. जरा विचार केला आणि त्याला सीटबेल्ट लावला. मग बरोबर आहे ना, अशा नजरेनं शिवदासकडे पाहिलं.

"ओके, मॅडम," शिवदास म्हणाला.

गाडी वळणाआड होईपर्यंत तो ताठ उभा राहिला. आणि मग भर दुपारी, भर रस्त्यात, ओक्साबोक्शी रडला.