सावलीत नेलेलं जीपीएस

झाकणाचे स्क्रू काढून झाले की मिस्त्री आधी यंत्रात नाक घालायचे. मीटर नंतर, चष्मा नंतर, पहिलं नाक. डोळे मिटून दोनदा वास घ्यायचे आणि निदान सांगायचे, "जळलेलं न्हाई. ओल गेलीय आत." एकदा म्हणाले, "मुंग्या मेल्यात ह्याच्यात." आम्ही हसलो. त्यांनी यंत्र उलटं करून आपटलं तर कागदावर सतरा मुंग्या पडल्या. ऑफिसच्या शिपायाने त्या मोजल्या, म्हणून आकडा सांगू शकतो.

संगमनेरला बसस्टँडच्या मागे त्यांची रेडिओ आणि टेप दुरुस्त करायची टपरी होती. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा मोजणीची खाजगी कामं घेणाऱ्या एका छोट्या ऑफिसात नोकरीला होतो. साहेब, मी, आणखी एक मोजणीदार आणि शिपाई, एवढाच कारभार. साहेबांनी कुठूनशी जुनी, पुण्यातल्या कोणीतरी काढून टाकलेली दोन जीपीएस यंत्रं आणली आणि ऑफिसात पेढे वाटले. ज्यांनी ती यंत्रं पाहिली नसतील त्यांनी जेवणाचा मोठा डबा डोळ्यांपुढे आणावा. त्याला एक वायर, वायरीच्या टोकाला तीन पायांच्या स्टँडवर बसवलेली पालथी ताटली. ती ताटली आकाशातल्या उपग्रहांचं ऐकते आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते यंत्र नोंदवतं. पेढे संपायच्या आत त्यातलं एक बंद पडलं.

साहेबांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. ते मॉडेल आम्ही आता बनवत नाही, सुटे भाग मिळणार नाहीत, आपण नवीन घ्यावं. साहेबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. तेव्हा शिपाई म्हणाला, "बसस्टँडमागं एक मिस्त्री हाय. माझ्या सासऱ्याचं कानाचं मशीन त्यानंच नीट केलं."

मिस्त्री आले. पायजमा, वर खाकी शर्ट, खिशात पेनच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. सगळी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "कंपनीनं हात झटकले, साहेब. वस्तूनं कुठं झटकले?" हे वाक्य पुढे आम्ही इतक्यांदा ऐकलं की त्यांच्या आधी आम्हीच म्हणायला लागलो. टपरी सांभाळून ते ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी कामाला बसू लागले.

त्यांनी काय काय केलं ते कंपनीच्या माणसाला दाखवलं असतं तर त्याने नोकरी सोडली असती. बॅटरीचा सीलबंद डबा त्यांनी हॅकसॉच्या पात्याने कापला, आतले मेलेले सेल काढले आणि इमर्जन्सी दिव्याचे सेल कथलाचा डाग देऊन बसवले. बटणं दाबली जाईनात, तर सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाचे गोल तुकडे कापून बटणांखाली चिकटवले. त्यासाठी रिकामी पाकिटं गोळा करायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी सिगारेट ओढतो अशी बातमी त्यामुळे माझ्या घरापर्यंत गेली.

पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाला लागणारी रबराची कड कुठेच मिळेना. एके दिवशी ती बसलेली दिसली, अगदी मापात. चौथ्या दिवशी मिस्त्रींची बायको ऑफिसच्या दारात उभी. "माझ्या कुकरची रिंग कंच्या मशीनमधी हाय, ती दावा आदी. चार दिस झालं डाळ शिजंना." मिस्त्री मान खाली घालून स्क्रू मोजत होते. साहेब स्वतः उठून बाजारात गेले आणि नवी रिंग घेऊन आले. त्या मावशींनी ती उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाल्या, "आनखी एक आनून ठिवा. ह्यांचं काय सांगता येत न्हाई."

यंत्रं शिवारात न्यायला आम्ही निघालो की मिस्त्री जीपजवळ येऊन एकच बजावायचे, "भाऊसाहेब, उन्हात ठिवू नका. आतले सेल फुगत्यात." मी "हो, हो" म्हणायचो आणि दिवसभर यंत्र उन्हात ठेवायचो. दुसरा इलाजच नव्हता, ताटलीला उघडं आभाळ लागतं. पण त्यांना बसून समजावून सांगावं असं मला कधी वाटलं नाही. दुरुस्त करणाऱ्याला आतलं कळलं म्हणजे झालं, बाहेर ते काय करतं हे त्याला कशाला हवं, असा आमचा सगळ्यांचाच समज होता.

मग राजूरच्या वरच्या डोंगरातल्या वाड्यांच्या पाणीयोजनेचं काम आलं. आमच्या ऑफिसला मिळालेलं सगळ्यांत मोठं काम. सोमवारी सकाळी आकडे द्यायचे होते, नाहीतर ते नवी यंत्रं असलेल्या दुसऱ्या कोणाकडे जाणार होतं. त्यात आधीच्या आठवड्यात एक यंत्र दोनदा अडलं होतं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "या वेळी जर यंत्रामुळे काम गेलं, तर दोन्ही भंगारात घालीन." मिस्त्री कोपऱ्यात डाग देत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण शनिवारी पहाटे जीप निघाली तेव्हा ते हत्यारांची पिशवी घेऊन मागे बसलेले होते. साहेबांना संगमनेरलाच काम होतं. आमच्याबरोबर शिवारात यायची मिस्त्रींची ती पहिलीच वेळ.

काम असं होतं. एक यंत्र पठारावरच्या खडकावर, लाल रंगाने केलेल्या पक्क्या खुणेवर दिवसभर उभं करायचं. दुसरं घेऊन आम्ही वाडी-वाडी फिरायचं. मागून दोन्हींच्या नोंदी जुळवल्या की प्रत्येक जागा नेमकी मिळते. मिस्त्रींना पठारावरच्या यंत्रापाशी बसवलं आणि मी म्हणालो, "लक्ष ठेवा." एवढंच म्हणालो.

दुपारी चार वाजता आम्ही वर आलो तर खुणेवर काही नव्हतं. पलीकडे आंब्याच्या झाडाखाली यंत्र स्टँडसकट उभं होतं, ताटलीवर ओला टॉवेल. शेजारी मिस्त्री, आणि वाडीतली एक म्हातारी कळशीतून त्या टॉवेलवर पाणी शिंपडत होती.

"लई तापलं हुतं," मिस्त्री समाधानाने म्हणाले. "सावलीत घेतलं. ह्या आजीनी पानी दिलं."

"कधी हलवलं?"

"अकरा वाजता. एकदाबी अडलं न्हाई."

मी खडकावर बसलो. "मिस्त्री, ती लाल खूण कशाला होती?"

"सकाळी स्टँड ठिवायला. उनं वर आल्यावर कोन ठिवील तिथं?"

मग मी त्यांना ते समजावलं, जे पहिल्याच दिवशी समजावायला हवं होतं. ते यंत्र एक वीतही हललं तर सगळा हिशोब चुकतो, झाडाखाली त्याला ऐकू येत नाही, आणि अकरानंतरची आमची सगळी पायपीट पाण्यात गेली. मिस्त्री ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरत गेला आणि मला माझीच लाज वाटली. म्हातारी म्हणाली, "आता बाबा, त्याला तरी काय ठावं. उन्हात जनावर बी बांधत न्हाई आपन."

परत येताना मी जीपमध्ये मागे वळलो. म्हणालो, "मिस्त्री, साहेबांना सांगू की यंत्र अकरा वाजता बंद पडलं. तुमचं नाव येणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोललो होतो. "आनि ते भंगारात जाईल, त्याचं काय?" म्हणाले. "दिवसभर चाललं ते. न बंद पडता चाललं. मी घोटाळा केला आनि नाव त्याचं घ्यायचं व्हय?"

ऑफिसात शिरल्या शिरल्या ते साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "यंत्र चांगलं हाय. मी हलवलं. मला येऊ देऊ नका उद्यापासून, पन त्याला ठिवा." साहेब लाल झाले, मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "यांना कोणी सांगितलं होतं का?" मी नाही म्हणालो. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. "उद्या रविवार आहे. पहाटे चारला निघा. मिस्त्रींना घेऊन."

रविवारी मिस्त्रींनी यंत्राभोवती दगडांचं रिंगण मांडलं आणि दिवसभर त्याच्या कडेला उन्हात उभे राहिले. टोपी नाही, छत्री नाही. रामराम करायला आलेल्या माणसाला त्यांनी लांबूनच हात जोडले. एक शेळी रिंगणात शिरायला बघत होती, तर तिच्याबरोबर अर्धा तास नजरेची झुंज चालली होती, असं म्हातारीने नंतर सांगितलं. संध्याकाळी त्यांच्या मानेची कातडी सोलली होती, आणि नोंदी एकूण एक बरोबर आल्या. सोमवारी आकडे वेळेत गेले. काम आमच्याकडे राहिलं, यंत्रंही राहिली.

पुढच्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. छातीत दुखायला लागलं आणि सकाळपर्यंत सगळं आटोपलं. मला त्या माणसाची इतकी सवय झाली होती हे मला टपरीला कुलूप दिसेपर्यंत कळलं नव्हतं. दोन्ही यंत्रं नंतर जेमतेम चार महिने चालली. साहेबांनी ती भंगारात घातली नाहीत, आपल्या खुर्चीमागच्या कपाटात ठेवली, आणि कर्ज काढून नवं यंत्र घेतलं.

नवं यंत्र पहिल्याच पावसाळ्यात अडलं. पुण्याहून कंपनीचा टायवाला मुलगा आला. त्याने आतली अख्खी सर्किटची पाटी उपटून दुसरी बसवली, माझी सही घेतली आणि चहा न घेता गेला. जुनी पाटी त्याने कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. सगळे जेवायला गेल्यावर मी ती बाहेर काढली, रुमालाने पुसली आणि टेबलावर ठेवून तिच्यापुढे बसलो. एका कोपऱ्यात एक तार सुटलेली मला स्पष्ट दिसत होती. डाग द्यायला मी कधी शिकलो नव्हतो. दोन वर्षं मिस्त्री माझ्या शेजारी बसून डाग देत होते.