टोपलंभर शेण

मालक म्हणाले, "टोपलं ठेव खाली."

मायनं ठेवलं. मालकानं ते पायानं उलटं केलं. हात लावला नाही. शेणाचा विटाळ नव्हता, आमच्या टोपल्याचा होता.

"आता भर अन् हौदात टाक. हातानं."

माय वाकली. सांडलेलं शेण ओंजळीनं उचलू लागली. मी चार पावलांवर थापी घेऊन उभा. मालकाच्या गोबरगॅसची टाकी मीच बांधलेली. जळगाव जामोदकडच्या आमच्या गावातला, सरकारनं शिकवून तयार केलेला पहिला मिस्त्री मी.

माय मालकाचा गोठा झाडायची. पैसा नाही, त्या बदल्यात टोपलंभर शेण. त्याच्या गोवऱ्या, त्यावर आमची भाकर. सातपुड्यात सरपणाला गेलं तर जंगलवाला कुऱ्हाड हिसकायचा.

"लगन होऊन आली तवापासून नेऊन राह्यली, मालक. आजच काऊन?"

"तुह्या पोराले इचार. त्यानंच सांगतलं मले. शेण कमी पडलं तं गॅस होत नाही, अनुदान अडकते. एक पो बाहेर जाऊ देऊ नका म्हणे."

शब्द माझेच होते. सरकारी शिबिरात पाठ केलेले. बोलताना मायचं टोपलं आठवलं नाही, असं मी लोकांना सांगत आलो. खोटं. आठवलं होतं. पण मालकानं त्या दिवशी मला पहिल्यांदा ओट्यावर बसवलं होतं.

मायनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

मग गोठा झाडणाऱ्या सगळ्याच बायांचं शेण मालकानं बंद केलं. आमच्या वस्तीतल्या बाया शेणासाठी गाडरस्त्यानं बैलांच्या मागं हिंडू लागल्या. चिंध्या जाळल्या, फाटक्या चपला जाळल्या. संध्याकाळची चूल बंद झाली. गॅस मालकाच्या घरात, खत मालकाच्या वावरात.

उद्घाटनाला बुलढाण्याहून साहेब आले. निळ्या जाळावर चहा झाला. साहेबांनी मला ओट्यावर बोलावलं. "सांगा मिस्त्री, गावाचा सरपणाचा प्रश्न सुटला ना?"

समोर वस्तीतल्या बाया उभ्या होत्या. माय त्यांच्यात.

"नाही साहेब. मालकाचा सुटला. आमच्या चुली इझल्या. गोठा झाडणाऱ्या बाया तुमच्या योजनेत कुठं हायेत?"

साहेब हसले. "अरे, जनावरं ज्याची, योजना त्याची. सरकार काय घरोघर चुली मोजत बसणार?"

"टाक्या मोजता न? मंग चुलीबी मोजा."

"लय शायना झाला बे!" मालक ओरडले. "उतर ओट्यावरून!"

उतरलो. पुन्हा चढलो नाही. त्या ओट्यावर नाही, कुणाच्याच नाही.

शेजारच्या गावातल्या टाक्यांचं काम सोडलं. बुलढाण्याच्या कचेरीत जाऊन विचारलं, चुली कुणी विझवल्या? म्हणाले, योजना चांगली आहे. पुन्हा गेलो. तेच. महाराष्ट्र झाला, आता गरिबाचं राज्य, असं याच सरकारच्या सभेत ऐकलं होतं.

माय गेली. तिची माफी मी मागितली नाही. तोंडच झालं नाही. पण माझ्या वाट्याचं पाप मी आज उघड सांगून माझ्या अंगावर घेतलंय. सरकारनं त्याचं घ्यावं. वस्तीसमोर येऊन, बायांच्या डोळ्यांत बघून सांगावं, हे आम्ही केलं.

तोवर मी कचेरीच्या दारातून हलणार नाही.