घरगाडीला मेण

साखर कारखान्यातली नोकरी संपल्यावर आमच्या यजमानांनी एक जुनी मिनीबस घेतली. आतल्या सीटा काढून दोन पलंग, शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी बसवली आणि बाहेरून गडद निळा रंग मारून घेतला. परळीत राहून गडद निळा. सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवर दुपारपर्यंत थर्मल वीजकेंद्राची राख बसते, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

"पांढरा घ्या," मी म्हटलं होतं.

"पांढऱ्यात रुबाब न्हाई," ते म्हणाले.

सुरुवातीला त्यांनी राख कोरड्या फडक्यानं पुसली. मग गाडी उन्हात काढली, तर साऱ्या रंगावर बारीक ओरखडे. राख दिसायला पिठासारखी, पण घासली की पॉलिशपेपर. त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. मोबाईलवर व्हिडिओ बघू लागले, आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

आधी नुसतं पाणी सोडून राख वाहू द्यायची. मग शाम्पू. मग वाळवायचं. मग सावलीत, पत्रा गार असताना, मेणाचा पातळ हात द्यायचा आणि तो पांढरट सुकला की मऊ कापडानं पुसून काढायचा. छपरासाठी शिडी. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आणि आलं की पहिला मान गाडीचा. माझ्या जुन्या सुती साड्या एकेक करून फाडल्या गेल्या. का, तर मऊ आहेत. एवढं करून गाडी फाटकाबाहेर मात्र जाईना. कधी रस्त्यावर धूळ, कधी उसाच्या ट्रॉल्या, कधी नवं डांबर उडतंय.

नेकनूरला माझी थोरली बहीण एकटी राहते. ती दारातल्या ओट्यावरून पडली आणि तिचा पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. तिला आमच्याकडे आणायचं ठरलं, पण जीपमध्ये पाय लांब करून बसता येईना, आडवं होऊनच यायला हवं. यजमान आपणहून म्हणाले, "आपली गाडी हाय की." मला बरं वाटलं.

निघायच्या दिवशी सकाळी डबा घेऊन मी बाहेर आले, तर यजमान शिडीवर आणि गाडीची एक अख्खी बाजू मेणानं पांढरी.

"हे काय चाललंय?"

"लांब जायचंय. मेण असलं की धूळ, किडे धरत न्हाईत. पुसतोच आता, थांब जरा."

मी पायरीवर बसले. ऊन अंगणात उतरलं, पत्रा तापला, मेण घट्ट बसलं. ते घासत राहिले आणि मेण निघेना. तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"निघालात का गं?"

"तुझे दाजी गाडीला मेण लावायलेत."

"कावून? आत्ता कशापायी?" तिनं विचारलं.

मी फोन ठेवला. मी उठून शिडी धरली. "उतरा खाली. आत्ता निघाला न्हाईत, तर मी एकटी जाते आन् तिच्याजवळच ऱ्हाते."

ते उतरले. अर्धी पांढरी, अर्धी निळी गाडी घेऊन आम्ही निघालो. अंबाजोगाईला चहासाठी थांबलो, तिथं एकानं विचारलं, "प्रायमर मारलाय का?" यजमानांनी चहा तसाच ठेवला.

नेकनूरला शेजाऱ्यांनी बहिणीला उचलून गाडीतल्या पलंगावर ठेवलं. एकानं तोल सावरायला पत्र्यावर हात टेकला आणि मेणात त्याचा पंजा उमटला. यजमानांनी तो पाहिला आणि गाडी सुरू केली. येताना प्रत्येक खड्ड्याला त्यांनी गाडी इतकी हळू केली, की बहिणीला झोप लागली. जागी झाल्यावर खिडकीतून शेतं बघत ती म्हणाली, "राणीवानी चाललेय मी." माझा राग पुष्कळसा उतरला.

घरी तिचा पलंग अंगणाकडच्या खिडकीशी लावला. मला वाटलं, आता आम्ही दोघी एका बाजूला. दुसऱ्याच दिवशी तिचा आवाज आला, "दाजी, दाराच्या वर मेणाचा पट्टा ऱ्हायलाय."

"कुठं?"

"तिथंच. अजून डावीकडं."

वाळलेल्या मेणावर ताजं मेण लावून लगेच पुसलं, की दोन्ही निघतं, असं यजमानांना व्हिडिओत सापडलं होतं. ते वितभर पुसायचे आणि मागं वळून तिच्याकडं बघायचे. ती मान हलवायची, मगच पुढं. मी आतून जेवायला हाका मारायची, दोघांपैकी कुणाला ऐकू येत नसे. एकदा मी तिला बोललेच, "तू तरी त्यांना नादी लावू नकोस." ती म्हणाली, "लई निगुतीनं करतेत गं. बघत बसावं वाटतं."

प्लास्टर निघालं, ती काठी घेऊन चालू लागली. तिला पोचवायच्या दिवशी बाहेर येऊन पाहते, तर ती खुर्चीवर बसून खालच्या पत्र्याला मेण लावत होती आणि यजमान वर शिडीवर.

"एवढा हात मारून निघूच," दोघंही म्हणाले.

मी वाद घातला नाही. तिच्या घराची किल्ली मागून घेतली, रिक्षानं बसस्टँडवर गेले आणि एसटी धरली. नेकनूरला पोचून घर उघडलं, झाडलं, पाणी भरलं, पिठलं-भाकरी केली. दिवस मावळला तरी ती दोघं नव्हती. चांगलं अंधारून आल्यावर गाडीचा आवाज आला.

"बघ, कशी चमकायलीय," काठी टेकत उतरता उतरता बहीण म्हणाली.

अंधारात काही दिसत नव्हतं. "हात धुवा," मी म्हटलं आणि ताटं घेतली.